नीट हुकली, आता लेक 'बायोमेडिकल' म्हणते

प्रश्न : लातूरला माझं मेडिकल स्टोअर आहे. धाकटी मुलगी बारावीनंतर दोनदा नीटला बसली. दोन्ही वेळा सरकारी एमबीबीएसचा कटऑफ हुकला, दुसऱ्या वेळी तर अगदी थोडक्यात. घरच्यांचं म्हणणं, तिसरा अटेम्प्ट दे, नाहीतर बीएएमएसला जा. एक एजंट जॉर्जियाचं एमबीबीएस सुचवतोय. मुलगी मात्र अडून बसली आहे, बायोमेडिकल इंजिनिअरिंगच करायचं. बारावीला तिने गणितही ठेवलं होतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमच्याकडून नेलेले ऑक्सिमीटर बिघडून परत यायचे. त्यातला एक ती काउंटरवरच उघडून बसली होती. तेव्हा नववीत होती, तेव्हापासून हे डोक्यात आहे. माझे डॉक्टर मित्र म्हणतात, 'ना धड डॉक्टर, ना धड इंजिनिअर. हॉस्पिटलात मशीन दुरुस्त करत फिरेल.' मोठे बंधू विचारतात, उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं? मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. डॉक्टर होता आलं नाही म्हणून ती हे म्हणतेय का? आणि या शिक्षणाने पेशंटचं खरंच काही भलं होतं, की नुसती मशीनं विकायची?
– एक वडील, लातूर

उत्तर :

नमस्कार भाऊ,

करिअरबद्दल लिहिणारे बहुतेक पालक पहिल्या ओळीत पगार विचारतात. तुम्ही पेशंटचं भलं विचारलंत, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. मी स्वतः रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात, म्हणजे तिथली यंत्रं सांभाळणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला माझाही वाटतो.

तुमच्या मुलीने जे यंत्र उघडलं, तेच आधी घेऊ. तिला आत दोन बारीक दिवे दिसले असतील. त्यातला एक लाल. दुसरा इन्फ्रारेड, तो डोळ्याला दिसत नाही. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकारचे प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, एवढं शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. अडचण होती ती वेगळीच. बोटातून किंवा कानाच्या पाळीतून प्रकाश जाताना वाटेत कातडी असते, मांस असतं, शिरांमधलं अशुद्ध रक्तही असतं. यातलं नेमकं धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं?

ते कोडं सोडवलं जपानच्या ताकुओ आओयागी यांनी. ते निहोन कोहदेन या कंपनीतले इंजिनिअर, डॉक्टर नव्हेत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते दुसऱ्याच कामात होते. रक्तात रंगद्रव्य सोडून, कानाच्या पाळीवर प्रकाश टाकून हृदय किती रक्त फेकतं ते मोजायचं होतं. पण नाडीच्या ठोक्यागणिक आलेख वरखाली हलायचा आणि मोजमाप बिघडायचं. तो हेलकावा घालवण्यासाठी त्यांनी दोन प्रकारचे प्रकाश एकमेकांसमोर ठेवून गणिताने तो खोडून काढला. पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की हेलकावा पुन्हा उमटू लागला. आणि इथेच त्यांनी ओळखलं की जो हेलकावा आपण घालवायला बसलोय, तो फक्त धमनीतल्या रक्ताचा आहे. ठोक्याबरोबर हलतं ते तेवढंच. म्हणजे त्यातूनच ऑक्सिजन मोजता येईल. १९७४ साली त्यांनी हे मांडलं.

पुढचा भाग मला जास्त आवडतो, कारण तो थेट पेशंटच्या उशाशी येतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत नेलकॉर कंपनीने जो ऑक्सिमीटर काढला, त्याच्या 'बीप'चा सूर ऑक्सिजन कमी होईल तसा खाली उतरत जायचा. कंपनीच्या संस्थापकांपैकी विल्यम न्यू हे स्वतः भूलतज्ज्ञ होते आणि इंजिनिअरिंगही शिकलेले होते. भूल देणाऱ्या डॉक्टरचे हात नळीवर, डोळे पेशंटवर असतात. स्क्रीनकडे वळून बघायला सवड नसते. पण कान मोकळे असतात. सूर उतरला की मान न वळवता कळतं, काहीतरी बिनसलंय. आज कुठल्याही ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभं राहिलात तर तो आवाज ऐकू येईल. त्याआधी पेशंटचे ओठ आणि नखं निळी पडण्याची वाट बघावी लागायची, आणि तोवर उशीर झालेला असायचा.

आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये गेले. जगभर कोविड पसरत होता आणि पुढे वर्षभरात घरोघरी लोक बोटाला त्यांची कल्पना लावून बसले होते. ९४ च्या खाली आकडा गेला की तुमच्याच दुकानात फोन वाजत असणार. तुमच्या काउंटरवरून किती माणसं वेळेत दवाखान्यात पोचली, हे तुम्हीच सांगू शकाल.

आता याच यंत्राची दुसरी बाजूही मुलीला नक्की सांगा. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. यंत्र ज्यांच्या बोटांवर पारखून घेतलं, त्यांच्यात गडद वर्णाची माणसं पुरेशी नव्हती. म्हणजे जगभर वापरात असलेल्या, लाखो जीव वाचवणाऱ्या यंत्रातही अजून काम शिल्लक आहे, आणि ते काम आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या देशात कोणीतरी मनावर घेतलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, हे जपान-अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचं झालं; लातूरच्या पोरीने काय करायचं? म्हणून आता मुद्दाम विद्यार्थ्यांचं उदाहरण देते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं श्वास सोडला की मिटून जातात आणि पुढच्या श्वासाला ती पुन्हा उघडायला बाळाला सगळा जोर लावावा लागतो. असं काही तास चाललं की बाळ थकतं. यावर 'बबल सीपॅप' नावाचा उपाय आहे. बाळाच्या नाकात छोट्या नळ्या, त्यातून हवा आणि ऑक्सिजन, आणि बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. टोक पाण्याखाली जितके सेंटिमीटर, तितका दाब फुप्फुसांत टिकून राहतो. पाच सेंटिमीटर खाली म्हणजे पाण्याचा पाच सेंटिमीटर दाब. बाटलीत बुडबुडे येत राहिले की नर्सला लांबूनच कळतं, हवा चालू आहे. अकरावीच्या फिजिक्समधलं प्रेशर ते हेच, मुलीला सांगा.

तत्त्व साधं असलं तरी तयार यंत्राची किंमत तेव्हा सुमारे ६,००० डॉलर होती. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या सरकारी रुग्णालयांना हे परवडणं शक्य नव्हतं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात रिबेका रिचर्ड्स-कॉर्टम यांच्या हाताखाली पदवीच्या वर्गातली मुलं याच्यावर बसली. त्यांच्या पहिल्या नमुन्यात हवेसाठी फिश टँकचे दोन पंप होते आणि खोकं होतं बूट ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डब्याचं. पुढे ते पक्कं यंत्र झालं आणि मलावीतल्याच ब्लँटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात त्याची चाचणी झाली. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. श्वसनाचा तीव्र त्रास असलेल्या नवजात बाळांपैकी नुसत्या ऑक्सिजनवरची ४४ टक्के बाळं वाचली होती. या यंत्रावरची ७१ टक्के वाचली. शंभर बाळांमागे २७ जास्त. औषध नवीन नव्हतं, डॉक्टर तेच, वॉर्ड तोच.

भाऊ, तुमच्या डॉक्टर मित्रांपैकी कोणी बालरोगतज्ज्ञ असतील तर त्यांना विचारा, आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, बबल सीपॅपशिवाय एक रात्र कशी जाईल ते.

आपल्या देशातलंही एक सांगायलाच हवं. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे धरतात, आणि काही वर्षांनी त्याच दुखण्यामुळे हृदयाच्या झडपा खराब होतात. हा संधिवाताचा ताप गरिबांच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतला आजार. झडप बदलायची तर ती परदेशातून यायची, किमतीचं विचारायलाच नको. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयशल्यचिकित्सक डॉ. एम. एस. वलियाथन आणि इंजिनिअर जी. एस. भुवनेश्वर यांच्या गटाने ती इथेच करायचं ठरवलं. आता जरा हिशेब करा. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हृदय वर्षाला पावणेचार कोटींहून जास्त वेळा धडकतं, आणि झडप तितक्या वेळा उघडझाप करते. ती झिजली, तडकली किंवा तिच्यावर रक्ताची गुठळी धरली तर माणूस दगावतो. त्यांचे पहिले तीन नमुने सोडून द्यावे लागले. चौथा टिकला. धातूच्या कड्यात कलणारी, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिनची (एक चिवट प्लॅस्टिक) चकती. यंत्रावर झीज मोजून झाली, मेंढ्यांमध्ये बसवून पाहिली, आणि १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्या पेशंटला बसवली. तेव्हापासून एक लाखाहून जास्त माणसांच्या छातीत चित्रा झडपा बसल्या आहेत. सर्जनशिवाय त्या बसल्या नसत्या हे खरंच, पण मेटलर्जी आणि पॉलिमर जाणणाऱ्यांशिवाय सर्जनच्या हातात बसवायला काही आलंच नसतं.

आता 'हॉस्पिटलात मशीन दुरुस्त करत फिरेल' या वाक्याकडे येते. हे वाक्य मला लागलं, लपवून काय करायचं. मशीन दुरुस्त करणं हे हलकं काम आहे, असं समजणाऱ्या माणसाला आपल्या अतिदक्षता विभागात काय चालतं हे नीट दिसलेलं नाही, मग तो डॉक्टर का असेना.

नवजात बाळांच्या कक्षातला रेडियंट वॉर्मर तुम्ही पाहिला असेल. वरून ऊब देणारं यंत्र, बाळाच्या पोटावर चिकटवलेला एक छोटा सेन्सर. सेन्सर सांगतो बाळ किती गरम आहे, त्यावर यंत्र ऊब कमी-जास्त करतं. पावसाळ्यात दमटपणाने, घामाने त्या सेन्सरची पट्टी सुटते. सेन्सर चादरीवर पडतो आणि यंत्राला वाटतं बाळ गार पडतंय, म्हणून ते ऊब वाढवत जातं. यंत्रात बिघाड काहीच नाही, बाळ मात्र तापत असतं. आमच्याकडे एक सिस्टर दर फेरीला हाताच्या पाठीने बाळाचं पोट तपासायच्या आणि सेन्सरची वायर बाळाच्या लंगोटाकडून फिरवून घ्यायच्या, म्हणजे हातपाय हलवले तरी ती ओढली जात नसे. कुठल्याही मॅन्युअलमध्ये हे नव्हतं. त्यांना विचारून आम्ही तीच पद्धत सगळ्या वॉर्मरना लावली. 'मशीन दुरुस्त करत फिरणं' म्हणतात त्यातला मोठा भाग असा असतो, वापरणाऱ्याच्या शेजारी उभं राहून बघण्याचा.

विकसनशील देशांतल्या रुग्णालयांतली यंत्रं मोजायला गेलेल्या संशोधकांना सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास यंत्रं बंद सापडली होती. २०११ साली ते छापून आलं. देणगीत आलेलं व्हेंटिलेटर कोपऱ्यात धूळ खात उभं असतं, कारण एक सुटा भाग मिळत नाही किंवा ते वापरायचं कसं हे कोणाला शिकवलेलंच नाही. पेशंटच्या दृष्टीने ते यंत्र असून नसल्यासारखं.

यात चूक झाली तर काय होतं, हेही तुमच्या मुलीने आधीच ऐकून ठेवावं. १९८५ ते १९८७ च्या दरम्यान अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या कॅन्सरच्या रेडिएशन यंत्राने सहा पेशंटना भयंकर जास्त मात्रा दिली, त्यात काही जण गेले. जुन्या मॉडेलमध्ये चुकीचा किरण सुटू नये म्हणून प्रत्यक्ष कुलपं होती. नव्यात ती काढली आणि सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली. टेक्ससमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात ऑपरेटरने एक्स-रेसाठीचं 'एक्स' अक्षर चुकून टाइप केलं. हवा होता इलेक्ट्रॉनचा किरण, 'ई'. तिने झटकन कर्सर वर नेऊन अक्षर बदललं. स्क्रीनवर 'ई' दिसलं, पण आत यंत्राची मांडणी अर्धी जुनी, अर्धी नवी राहिली. पडद्यावर उमटलं 'मालफंक्शन ५४'. याचा अर्थ काय, ते कोणालाच कळत नव्हतं. कंपनीचे इंजिनिअर येऊन तपासून गेले, त्यांना दोष सापडेना. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि तीन आठवड्यांनी दुसरा पेशंट भाजला.

मग त्या रुग्णालयातले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर त्या ऑपरेटरला शेजारी घेऊन यंत्रासमोर बसले आणि तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करत राहिले. शेवटी उलगडा झाला. ऑपरेटर रोजच्या सरावाने फार भराभर टाइप करायची. काही सेकंदांच्या आत दुरुस्ती झाली की यंत्राला तिचा पत्ताच लागायचा नाही. कंपनीचे लोक हळू टाइप करत होते, म्हणून त्यांना दोष दिसत नव्हता. तो सापडला रुग्णालयातच, यंत्राजवळ रोज वावरणाऱ्या दोघांना. दुसऱ्यांदा सांगते, यांतला कोणीही डॉक्टर नव्हता.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट 'हो' आहे. भलं होतं, आणि दुर्लक्ष झालं तर तितकंच वाईटही होतं. 'नुसती मशीनं विकायची' हेही या क्षेत्रात आहे, नाही असं नाही. पण मशीन विकायला गेलेला माणूस नर्सला ते नीट शिकवून येतो की सही घेऊन पळतो, यावरही पेशंटचं बरंच काही ठरतं.

आता पहिला प्रश्न. डॉक्टर होता आलं नाही म्हणून ती हे म्हणतेय का?

हे मला इथे बसून कळणार नाही. तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने बोलते. नीटची परीक्षा यायच्या कितीतरी आधी, नववीत, कोणी न सांगता तिने ते यंत्र उघडलं होतं. पण नुसती यंत्र उघडायची हौस पुरत नाही. हौस असलेली मुलं मेकॅनिकलला किंवा इलेक्ट्रॉनिक्सला जाऊन सुखी होतात. या क्षेत्रात दुखणाऱ्या माणसाकडे बघायची तयारी लागते, डॉक्टर आणि नर्सचं म्हणणं ऐकून घ्यायची चिकाटी लागते, आणि स्वतःची आवडती कल्पना पेशंटच्या उपयोगाची नाही असं दिसलं तर ती सोडून देण्याची हिंमत लागते. पांढरा कोट हुकला म्हणून हॉस्पिटलच्या आसपास राहायचं, असं मनात असेल तर मात्र दर वेळी डॉक्टर समोरून गेला की तिला सल होईल. ते कोणाच्याच हिताचं नाही.

याची परीक्षा घरात बसून होणार नाही. तुमच्या ओळखी आहेत, त्या वापरा. लातूरच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात तिला महिनाभर बायोमेडिकल विभागात नुसतं बघायला पाठवा. डायलिसिसच्या यंत्राचं पाणी कसं तपासतात, रात्री दोनला सिरिंज पंपाचा अलार्म का वाजतो, सलाइनचे थेंब नर्स घड्याळ लावून कशी मोजते. संध्याकाळी घरी आल्यावर ती कशाबद्दल बोलते, तेवढं ऐका. यंत्रांच्या, वायरींच्या, सिस्टरांच्या अडचणींबद्दल भरभरून बोलत असेल तर तिला जाऊ द्या. डॉक्टरांच्या राउंडबद्दलच बोलत असेल तर तिसऱ्या अटेम्प्टचा विचार करायला हरकत नाही, मात्र तो तिचा असावा, घराचा नव्हे.

जॉर्जियाच्या एजंटला मी तरी सध्या दारात उभं करणार नाही. परत आल्यावर, परदेशी पदवीवर इथे डॉक्टरकी करायची तर, एफएमजीईची परीक्षा असते, आणि ज्या मुलीला मुळात जायचंच नाही तिला कर्ज काढून परदेशी पाठवण्यात काय अर्थ? बीएएमएस हे चांगलं शिक्षण आहे, ज्याला आयुर्वेदाची ओढ आहे त्याने जरूर घ्यावं. एमबीबीएसच्या बदल्यात काहीतरी म्हणून ते घेऊ नये.

शिक्षणाचं व्यवहारी बोलू. बारावीला गणित ठेवलंय हे फार बरं केलं, नाहीतर इथेच गाडी अडली असती. इंजिनिअरिंगसाठी सीईटीच्या पीसीएम गटाला बसावं लागेल. नीटच्या तयारीत दोन वर्षं गणित सुटलं असेल, ते आत्तापासून हातात घेऊ द्या. कॅल्क्युलसपासून सुरुवात केलेली बरी.

बायोमेडिकलची पदवी देणारी महाविद्यालयं आपल्याकडे मोजकी आहेत आणि सगळी सारखी नाहीत. माझं वैयक्तिक मत असं की नावापुरता विभाग असलेल्या कॉलेजात बायोमेडिकल घेण्यापेक्षा चांगल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटर घ्यावं आणि एम.टेक. या विषयात करावं. पाया पक्का होतो आणि पुढे मन बदललं तर दुसरी वाटही उघडी राहते. या मतावर वाद घालणारे माझे सहकारी आहेत, पण मी त्याला चिकटून आहे. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत आणि प्लेसमेंटचा फलक बघून भुलू नका. विभागप्रमुखांना विचारा, कुठल्या रुग्णालयाशी करार आहे, मुलं तिथे किती आठवडे जातात, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला डॉक्टर मार्गदर्शक असतो का. या तीन प्रश्नांना अडखळले तर पुढचं कॉलेज बघा.

पदवीनंतर एम.टेक.च्या प्रवेशासाठी जी गेट परीक्षा असते, तिच्यात २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत या विषयाचं एम.टेक. होतं. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी आणि वर सांगितलेली श्री चित्रा संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एम.टेक. चालवतात. मला तो विशेष आवडतो, कारण त्यात विद्यार्थी वॉर्डात शिकतात. आयआयटी मुंबईत 'बेटिक' नावाचं केंद्र आहे. मेकॅनिकलचे प्रा. बी. रवी यांनी ते २०१४ साली उभं केलं, राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने. नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी ही इंजिनिअरिंग कॉलेजं त्यात जोडलेली. तिथे डॉक्टर आपली अडचण घेऊन येतो आणि इंजिनिअर ती सोडवायला बसतात, कामाची सुरुवातच तिथून. तिला जमलं तर त्यांच्या शिबिरांवर लक्ष ठेवू द्या. आणि कॅन्सरवरची नेक्सकार१९ ही भारतातली पहिली कार-टी (पेशंटच्याच पेशी बदलून त्यांना कॅन्सरशी लढवणारी) उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनेच उभी केली, २०२३ च्या ऑक्टोबरात तिला परवानगी मिळाली. आयआयटीच्या पवईपासून टाटाचं खारघर आणि परळ फार लांब नाहीत, इतकं सगळं आपल्याच राज्यात चाललंय.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा बहुधा कमी असेल. रुग्णालयात रात्री-अपरात्री फोन येतात. कंपनीच्या सर्व्हिसमध्ये प्रवास पुष्कळ. संशोधनाचं काम बंगळुरूकडे जास्त आहे, थोडं पुण्यातही आहे. एक शाखा मात्र तुमच्या घराला जवळची वाटेल. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमांनी यंत्रांचे ए ते डी असे धोक्यानुसार वर्ग केले आणि २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. त्यामुळे कागदपत्रं, चाचण्या, परवाने हे सगळं समजणाऱ्या इंजिनिअरांची गरज कंपन्यांना वाढली आहे. ड्रग लायसन्स आणि एफडीएचे इन्स्पेक्टर तुम्हाला नवे नाहीत. या बाबतीत बापाकडून लेकीला पुष्कळ शिकता येईल.

स्थळाबद्दल बंधूंना सांगा की मुलगी इंजिनिअर आहे, रुग्णालयांची यंत्रं बनवते. ज्या घराला एवढ्यात समाधान नाही, ते घर तिच्यासाठी बघायचंच कशाला? याहून जास्त शब्द मी त्या प्रश्नावर घालवणार नाही.

शेवटी एक. पत्र तुमचं आहे, त्यात तुमच्या मित्रांचं, बंधूंचं, एजंटचं म्हणणं आलंय. तिचं एकच वाक्य आलंय आणि त्याला तुम्ही 'अडून बसली आहे' म्हटलंय. दोन वर्षं नीटचा अभ्यास करून थोडक्यात हुकलेल्या मुलीला घरात काय काय ऐकावं लागतं, हे लातूरकरांना मी सांगायला नको. हे उत्तर तिला वाचायला द्या आणि तिला स्वतःला मला लिहू द्या. ऑक्सिमीटर उघडल्यावर तिने पुढे काय केलं, तो पुन्हा चालू झाला का, हे मला तिच्याकडूनच ऐकायचंय. सीईटीच्या गणिताबद्दल विचारायचं असेल तर तेही तिने बिनधास्त विचारावं.